पहिला बल्ब करंट खातो

"मॅडम, तुमी आता एकाच येळी तीन शाळांत शिकवताय," बबनराव म्हणाले. "मंग तुमाला वर्गात बोलवून अजून कशाला त्रास द्यायचा?"

आणि हसले. संस्थेचे अध्यक्ष हसले की मुख्याध्यापकांनी हसायचं, असा प्रघात होता. तेही हसले. रश्मी ओहोळ तेवढी हसायची राहिली.

यवतहून येऊन ती संस्थेच्या भीमेअलीकडच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवायची. तासिका तत्त्वावर, नऊ वर्षं. म्हणजे दर जूनमध्ये नेमणूक आणि दर एप्रिलमध्ये नमस्कार. मोबाईलवर धडे रेकॉर्ड करायची तिला जुनी खोड. कांदा काढणीला पोरं घरी राहिली की ती धडा पाठवून द्यायची. गेल्या वर्षी संस्थेनं तिन्ही शाळांत भिंतभर डिजिटल बोर्ड बसवले. बोर्ड बसले, उद्घाटन झालं, हार वाळले, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की बोर्डात काही नाही. तेव्हा कॅमेरेवाला आला. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात दहावीचं सगळं विज्ञान तिच्याकडून बोलून घेतलं गेलं. ती हौसेनं बोलली. या जूनमध्ये नेमणूक आली नाही, तेव्हा आपल्याच तोंडानं आपण आपली जागा भरून दिली, हे तिला उमगलं.

आता बबनरावांना नववीचं विज्ञान हवं होतं.

"नववी बोलून द्या. जानेवारीपास्नं तुमी डिजिटल समन्वयक. आफिसात खुर्ची, टेबल, समदं. कायम. वर्गात जायाची कटकट न्हाई." मग ते प्रेमानं म्हणाले, "तुमच्या समाजात शिक्षणाची लई आवड हाय, मला म्हाईत हाय."

हे त्यांच्या मते कौतुक होतं. नऊ वर्षं दर सत्काराला ते हेच बोलत आले होते, आणि नऊ वर्षं रश्मी 'आमच्या' आणि 'तुमच्या' यांच्या मधे उभी राहून टाळ्या वाजवत आली होती.

शनिवारी नदीपलीकडच्या शाळेत, शिरूर तालुक्यात, दुसऱ्या एका संस्थेचे पाहुणे बोर्ड बघायला येणार होते. तिनं बोर्डाशेजारी उभं राहायचं होतं. बोलायचं नव्हतं. बोलायला ती बोर्डात होतीच.

ती हो म्हणाली. घरी आईनं, ताईबाईनं, 'कायम' हा शब्द ऐकला आणि चहा गॅसवर तसाच ठेवून ती शेजारी सांगायला गेली. चहा उतू गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच चहा उतू गेल्याबद्दल घरात कुणी कुणाला बोललं नाही.

शनिवारी रश्मी वेळेआधी पोचली. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. दहावीच्या वर्गात विज्ञानाचा तास चालू होता आणि तो कोंडिबा शिपाई घेत होता. कोंडिबाची पात्रता म्हणजे बोर्डाचा रिमोट त्याच्या खिशात असायचा.

"या मॅडम," तो अदबीनं म्हणाला. "तुमचाच तास चाललाय. मागं बसा."

रश्मी स्वतःच्या तासाला शेवटच्या बाकावर बसली. बोर्डात गुलाबी साडीतली रश्मी विजेवर आली होती. तिनं सेलला जोडलेला एक बल्ब काढला, त्याच वायरीत पुढं दुसरा काढला. "आता उजेड कमी झाला," ती म्हणाली. "का झाला? सांगा बरं." मग तिनं कानामागं हात धरला आणि थांबली. वर्ग रिकामा असला तरी प्रश्न विचारून थांबायची तिची सवय सुटली नव्हती.

साठ पोरं एका सुरात ओरडली, "पहिला बल्ब करंट खातो!"

"शाब्बास!" बोर्डातली रश्मी म्हणाली. "अगदी बरोबर."

मागच्या बाकावरची रश्मी ताडकन उठली. ही चूक तिच्या ओळखीची होती. दर वर्षी कुणीतरी ती करायचंच, आणि ती तिची वाटच बघत असायची. खातो म्हणजे काय रे, बल्बाला पोट असतं का, असं म्हणत अर्धा तास त्या चुकीवर घालवायचा. खरं शिकवणं तेवढ्यातच व्हायचं. रेकॉर्डिंगच्या दिवशी समोर चुकायला कुणी नव्हतं. तिनं मनातल्या मनात बरोबर उत्तर ऐकलं आणि रिकाम्या बाकांना शाबासकी दिली.

तिनं कोंडिबाला बोर्ड बंद करायला लावला.

"सायेब रागावत्याल," तो म्हणाला. बंद केला. मग हळूच म्हणाला, "तिन्ही शाळांत हेच चालू हाय, मॅडम. पोरं लई जोरात सांगत्यात."

ती फळ्यापुढं गेली, म्हणजे जिथं पूर्वी फळा होता तिथं. हे उत्तर चूक आहे, असं तिनं सांगितलं. पुढच्या बाकावरची राजनंदिनी उभी राहिली.

"पन मॅडम, तुमीच शाब्बास म्हनला."

"मी नाही म्हटलं."

"म्हनला की. आत्ता. परवाबी म्हनला. दर येळी म्हनता."

बबनरावांचा राग येणं सोपं होतं; त्याची तिला सवय झाली होती. पण समोर कॅमेरा दिसला म्हणून मान डोलावणाऱ्या त्या गुलाबी साडीतल्या बाईला धरून गदागदा हलवावं, असं तिला आता वाटलं. आणि तिला हात लावायचीही सोय नव्हती.

प्रयोगशाळेत आता बोर्डाच्या बॅटऱ्या राहायला आल्या होत्या. त्यांच्यामागच्या कपाटातून कोंडिबानं दोन छोटे बल्ब आणि वायर शोधली. सेल शाळेच्या टॉर्चमधून काढले. रश्मीनं जुळणी राजनंदिनीच्या बाकावर केली. आधी एकच बल्ब, लख्ख. मग दुसरा जोडला.

"पहिला खात असेल तर मंद कुठला पाहिजे?"

"दुसरा."

"बघ."

दोन्ही सारखेच मंद होते. राजनंदिनीनं बल्बांची अदलाबदल केली. तरी सारखेच. पोरं बाकावर चढून बघू लागली. "मंग खाल्लं कुनी?" मागून कुणीतरी म्हणालं. रश्मी नऊ वर्षं ज्याच्यासाठी जीपला लोंबकळत आली होती, तो तास आत्ता कुठं सुरू होत होता.

तेवढ्यात दारात बबनराव आणि पाहुणे उभे राहिले. पोरं जागेवर गेली.

तिनं बबनरावांना बाजूला घेऊन सांगितलं की पोरं चुकीचं शिकताहेत, हा धडा आजच काढा, मी नव्यानं करून देते.

"नापास व्हत्यात का?" बबनरावांनी विचारलं.

"नाही. पण..."

"मंग? पाव्हन्यांम्होरं नगा काढू, मॅडम."

"मग मी नववीचं बोलणार नाही."

"कायम म्हनलो व्हतो मी," बबनराव म्हणाले. आवाजात राग नव्हता. समोरचं माणूस हिशेबातून गेल्याची नोंद होती. "कोंडिबा, लाव."

कोंडिबानं रश्मीकडं बघितलं, मग रिमोटकडं. लावला.

गुलाबी साडीतली रश्मी पुन्हा आली. "का झाला? सांगा बरं." कानामागं हात गेला.

वर्गातून आवाज आला नाही. साठ पोरांतलं एकही बोललं नाही.

"शाब्बास!" बोर्ड म्हणाला. "अगदी बरोबर."

"शिस्त जबरदस्त हाय," पाहुणे म्हणाले.

"तेच सांगतोय मी," बबनराव म्हणाले.

रश्मीनं पर्स खांद्याला लावली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. तिनं बल्ब सोडवले नव्हते. राजनंदिनीनं ते दप्तराआड ओढून घेतले होते. बोर्डाकडं न बघता, मान खाली घालून, ती एका बल्बाकडून दुसऱ्याकडं बघत होती.