मालूची काचपेटी आणि शेवटच्या एकशे एक गोळ्या

या मित्रांनो, असे जवळ या. मागे बसलात त्यांनी पुढे सरका, भिंतीला टेकलात त्यांनी जरा ताठ बसा. गोष्ट मी एकच सांगणार आहे, पण ती मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

मी एक जुनी काचपेटी आहे. माशांची. आज द्वारकेच्या चौकाजवळ भिकनच्या भंगारात एका मोडक्या सायकलीखाली पडले आहे. चार काचांपैकी एक गेली, लोखंडाला गंज चढला. माझं बोलणं तुम्हाला कीर्तनाच्या वळणाचं वाटलं तर नवल करू नका. ज्या घरात मी राहिले, त्या घरात रोज संध्याकाळी कीर्तन व्हायचं, आणि तेही एकाच श्रोत्यासाठी.

माझा जन्म इथून हाकेच्या अंतरावर सहादूच्या दुकानात झाला, १९७६ साली. सहादू तसबिरींना चौकटी करायचा, खिडक्यांना काचा बसवायचा. माशांची पेटी त्याने कधी केली नव्हती. पाटबंधारे कचेरीतले वेणीमाधवराव कागदावर मापं काढून घेऊन आले, तेव्हा तो मान हलवत म्हणाला, "भाऊसाहेब, तसबिरीला काय, देव आतून ढकलत नाहीत. इथं पाणी ढकलणार. उद्या फुटली तर मला बोल लावू नका."

"माझ्या मुलीला अंथरुणावरून उठायची बंदी आहे, सहादू," वेणीमाधवराव म्हणाले. "ती दिवसभर भिंत बघत असते."

सहादूने मापांचा कागद हातात घेतला. त्याने लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा केला, तळाला कडप्पा बसवला आणि जवसाच्या तेलात मळलेली लांबी, म्हणजे काचा बसवायची पुट्टी, भरून चारी काचा पक्क्या केल्या. मग मला पाण्याने भरून दोन दिवस तो माझ्यासमोर काम करत बसला. एका कोपऱ्यात एक थेंब दिसला. एकच. त्याने सगळी लांबी खरवडून काढली आणि पुन्हा भरली. मला टांग्यात चढवताना म्हणाला, "पोरीला सांगा, सहादूमामानं केलीय."

ती पोरगी म्हणजे मालिनी. घरात सगळे मालू म्हणत. दहा वर्षांची होती. सांधे सुजण्याचा ताप तिला येऊन गेला होता, आणि जाताना तो तिच्या काळजाची एक झडप नासवून गेला होता. जिना चढायचा नाही, पळायचं नाही, फार हसायचंसुद्धा नाही. त्याआधी ती दर शनिवारी आईचं बोट धरून गंगेवर जायची, आमच्या गावात नदीला गंगाच म्हणतात, रामकुंडापाशी माशांना कणकेच्या गोळ्या घालायला. आता ते बंद झालं. एके दिवशी तिने विचारलं, "बाबा, मला गंगेवर नेता येत नाही, तर गंगेला घरी आणता येत नाही का?"

म्हणून मी आले.

मित्रांनो, पेटीत पाणी ओतलं आणि मासे सोडले, इतकं ते सोपं नसतं. वेणीमाधवरावांनी नदीची वाळू आणून ती सात पाण्यांनी धुतली. कुसुमताई, म्हणजे मालूची आई, म्हणाल्या, "पाणी आठ दिवस ठेवायचंय ना? मग तांब्याच्या हंड्यात ठेवते, पवित्र राहील." वेणीमाधवराव दोन्ही हात पसरून हंड्याच्या आडवे उभे राहिले. "अगं, तांबं माशांना विष आहे! मातीच्या रांजणात ठेव." धरणाच्या बाजूच्या उथळ पाण्यातून लांब फितीसारख्या पानांची झाडं आणली. मुळांना दोऱ्याने खडा बांधायचा आणि झाड वाळूत खोवायचं. त्यासाठी कुसुमताईंच्या स्वेटरच्या सुया कामाला आल्या. वाळू उसळू नये म्हणून तळाशी बशी ठेवून तिच्यावर बारीक धारेने पाणी सोडलं. मालू खाटेवरून हुकूम देत होती, "बाबा, ते झाड वाकडं झालं. ते नाही हो, त्याच्या शेजारचं!"

मला तिच्या खाटेजवळ, पूर्वेच्या खिडकीखाली ठेवलं होतं. दहा दिवस माझ्यात नुसती झाडं होती. सकाळचं ऊन आत उतरलं की पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरत आणि एकामागून एक वर निघत. "झाडं श्वास सोडताहेत बघ," वेणीमाधवराव मालूला सांगत. "उजेड आहे तोवर झाडं जगतील. झाडं जगली तर पाणी ताजं राहील. आणि पाणी ताजं, तोवर मासे." हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. मी ते विसरू शकलेले नाही.

मग मुंबईहून मासे आले, दुधाच्या किटलीत, एस.टी.तून, तोंडाला ओलं फडकं बांधून. दोन वाटेत कसाऱ्याच्या घाटात मेले, नऊ पोहोचले. शेपूट उपरण्यासारखी झुलवत पुढे पुढे करणारा एक केशरी मासा होता, त्याचं नाव मालूने 'बुवा' ठेवलं. त्याच्या मागे राहून सारखा डोकं हलवणारा काळा तो 'तबलजी'. बाकीचे श्रोते. आणि झाडांबरोबर न बोलावता आलेली एक गोगलगाय होती. तिला मालू 'खांबाला टेकून झोपणारे आजोबा' म्हणायची.

संध्याकाळी भांडी घासणाऱ्या भिमाबाईला मालूजवळ बसवून कुसुमताई देवळात कीर्तनाला जात. परत आल्या की पंचा खांद्यावर टाकून, बुवांसारखं खाकरून, सबंध कीर्तन मालूपुढे करून दाखवत. पूर्वरंग, उत्तररंग, मधला अबीर-बुक्कासुद्धा.

"बुवांनी नारळ घेतला का?" वेणीमाधवराव मध्येच विचारत.

"श्रोत्यांनी कीर्तनात बोलू नये!" कुसुमताई त्याच आवाजात दटावत, आणि मालू तोंडावर पांघरूण घेऊन हसायची. फार हसायला बंदी होती ना.

असं एक वर्ष गेलं. माझ्या आयुष्यातलं तेवढंच वर्ष खरं.

मुंबईला मोठं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून कुसुमताईंनी संकल्प सोडला होता. कागदाच्या चिठोऱ्यांवर लाल शाईने रामनाम लिहायचं, चिठोरी कणकेत घालून गोळी वळायची आणि ती गंगेतल्या माशांना घालायची. अशा सव्वा लाख. मालूच्या उशाशी बसून त्या लिहीत राहत. शेवटच्या एकशे एक उरल्या होत्या आणि मुंबईहून पत्र आलं: बुधवारी दाखल व्हा.

तो श्रावण होता. गंगेला पूर. नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं होतं, पोलिसांनी घाटाच्या वाटा अडवल्या होत्या. कुसुमताई दोनदा जाऊन परत आल्या. निघायच्या दिवशी सकाळी वेणीमाधवराव टॅक्सी आणायला गेले. मालू झोपलेली होती. कुसुमताई गोळ्यांचं ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "संकल्प अपुरा ठेवून उंबरा कसा ओलांडू?" त्या पुटपुटल्या. "रामा, हेही तुझेच मासे." डोळे मिटून एकेक नाव घेत त्यांनी साऱ्या गोळ्या माझ्यात सोडल्या, मला नमस्कार केला आणि न्हाणीघरात गेल्या.

माझे मासे बोटाच्या पेरापेक्षाही लहान. गोळ्या हरभऱ्याएवढ्या. बुवाने एक टोचली आणि सोडून दिली.

आणि मग खाट करकरली. मालू झोपलेली नव्हती. ती उठली. एका हाताने माझी लोखंडी कड धरून, दुसऱ्या हातात, माझ्यातली गळलेली पानं काढायला उशाशी ठेवलेली चहाची गाळणी घेऊन तिने एकेक गोळी बाहेर काढायला सुरुवात केली. तीनदा थांबली. कपाळ माझ्या काचेला टेकून श्वास गोळा करायची, पुन्हा हात पाण्यात. तिचे ओठ जांभळे पडले होते. कणकेने पाणी नासतं, हे तिला बाबांनी शिकवलेलं होतं. आणि आईचं काय चुकलं ते आईला कळू द्यायचं नाही, हे तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं.

गोळ्या पावडरच्या रिकाम्या डब्यात भरून ती खाटेवर पडली, तेव्हा भिमाबाई कामाला आली.

"भिमामावशी, पूर उतरला की या गंगेत सोड. आणि आईला सांगू नकोस. तिला वाटायला नको की तिचं चुकलं. माझ्या गळ्याची शपथ."

"नाय सांगत, माझे बाय," भिमाबाई म्हणाली आणि डबा तिने पदराआड घेतला.

टॅक्सी आली. निघायच्या घाईत कुसुमताईंना माझ्यात डोकवायला वेळ नव्हता. जाता जाता मालूने माझ्यावर हात ठेवला. "मी येईपर्यंत सांभाळ हं सगळ्यांना." वेणीमाधवराव म्हणाले, "आठ दिवसांत मी एकदा येऊन जाईन. तेवढं मासे झाडांवरचं खाऊन राहतात." मग पावसाची झड आत येऊ नये म्हणून त्यांनी पूर्वेची खिडकी लावली, वरखाली दोन्ही कड्या घातल्या आणि दाराला कुलूप केलं.

आठ दिवसांचे चाळीस दिवस झाले. अंधारात पानांवरचे बुडबुडे थांबले. पानं पिवळी पडली, गळली, कुजली. पाणी दाटलं. श्रोते गेले, तबलजी गेला. बुवा सगळ्यांत शेवटी गेला, वर येऊन तोंड उघडून. मला हाक मारता येत नाही, मित्रांनो. नाहीतर मी सगळी गल्ली गोळा केली असती.

मुंबईला काय झालं ते मी पाहिलं नाही. तिघं गेली होती आणि दोघं आली, एवढंच मी सांगू शकते.

दार उघडताच वास बाहेर गेला. कुसुमताई सामानही खाली न ठेवता माझ्याकडे धावल्या. आतल्या काचेला एक चिठोरी चिकटली होती, लाल अक्षरांची. मालूच्या हातून तेवढी एक गोळी राहून गेली होती. वेणीमाधवरावांनी ती पाहिली.

"यात गोळ्या टाकल्यास?" ते म्हणाले. "जसं तिला जपलंस, तसंच तिच्या माशांना."

 वेणीमाधवराव वास जावा म्हणून खिडकी उघडायला गेले. वरची कडी काढली. खालच्या कडीवर त्यांचा हात थांबला, बराच वेळ तिथेच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कुजलेल्या झाडांकडे पाहिलं. त्यांना कळलं, मित्रांनो. मी ते त्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. पण ते काही बोलले नाहीत.

त्या दिवसापासून कुसुमताई कीर्तनाला गेल्या नाहीत. मला मागच्या अंगणात टाकलं. माझ्यात कोळसे भरले. लांबी सुकून गळाली, एक काच मांजराच्या उडीने फुटली. भिमाबाई रोज माझ्याशेजारी भांडी घासायची आणि गप्प असायची. घरात दोन माणसं मीठ, भाजी, औषध यांपलीकडे एकमेकांशी बोलत नसत. अशी आठ वर्षं गेली.

१९८५च्या दिवाळीआधी भिकन भंगार न्यायला आला. कुसुमताई म्हणाल्या, "ही पेटीही उचल बाबा."

भिमाबाईच्या हातातली कढई खाली पडली. "ओ बाई, मालूची पेटी देता काय?"

"देऊ नको तर काय करू, भिमा? माझ्या पापाचं भांडं आहे ते. नवसाच्या गोळ्या मी यात टाकल्या, म्हणून मासे मेले. मासे मेले, आणि..." 

"कोणत्या गोळ्या? निघायच्या दिशीच्या?" भिमाबाई राखेचे हात तसेच घेऊन उभी राहिली. "त्या तर मी गंगेत सोडल्या, बाई. पूर उतरल्यावर. पोरीनं काढून दिल्या मला पावडरीच्या डब्यात. आन तुमाला सांगू नको म्हनून गळ्याची शपथ घातली. ज्या गळ्याची शपथ, तो गळाच गेला. मंग मला सोडवनार कोन? आन तुमी मनात असलं काय धरून बसला, मला काय ठावं!"

वेणीमाधवराव दारात येऊन उभे होते.  "खिडकी मी लावली होती, कुसुम," ते म्हणाले. "झाडं अंधाराने मेली. मला त्याच दिवशी कळलं होतं."

कुसुमताईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भिमाबाईच्या अगदी जवळ गेल्या. "म्हणजे ती उठली होती? त्या काळजानं? किती वेळ उभी होती गं?"

भिमाबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "उभी कशाला ऱ्हाईल? खाटेवरच बसली व्हती. मी पाठीमागून धरलं व्हतं की तिला. तिनं नुसतं बोट दावलं, गाळनीनं मीच काढल्या समद्या. हसत व्हती. लय हसत व्हती."

आठ वर्षांत पहिल्यांदा कुसुमताई रडल्या, भिमाबाईच्या राखेच्या हातांवर डोकं ठेवून. भिकन रिकाम्या हाताने गेला. त्यांनी माझ्यातले कोळसे काढले, मला पदराने पुसलं आणि पुन्हा पूर्वेच्या खिडकीखाली ठेवलं. खिडकी सताड उघडली. दुसऱ्या दिवशी चहाचे दोन कप आणून एक वेणीमाधवरावांपुढे सरकवला. शनिवारी त्या देवळात गेल्या. आल्यावर पंचा खांद्यावर टाकून माझ्यासमोर उभ्या राहिल्या, बुवांसारखं खाकरल्या, आणि पंचा काढून तिथेच खाली बसल्या. ते कीर्तन पुढे झालं नाही.

मित्रांनो, भिमाबाई खोटं बोलली होती. ती आली तेव्हा मालू सगळं आटोपून खाटेवर पडली होती. मालू उभी होती, एकटी होती, आणि ती हसत नव्हती. हे फक्त मला माहीत आहे.

वेणीमाधवराव आणि कुसुमताई घर सोडून पुतण्याकडे पिंपळगाव बसवंतला गेले, तेव्हा मी इथे आले. त्यांच्यापैकी कुणी तुम्हाला भेटलं, तर ही शेवटची गोष्ट तेवढी सांगू नका. तुमच्या घरी पाण्याची पेटी केलीत, तर बाहेर जाताना खिडकी उघडी आहे ना, ते पाहा. आणि सकाळचं ऊन पाण्यात उतरून पानांवर मोती धरले, की क्षणभर भिमाबाईची आठवण काढा. ती आता नाही. तिने एक शपथ मोडली आणि एक खोटं सांगितलं. रामाने ते पापात मांडलं असेल की पुण्यात, मला ठाऊक नाही. तुम्ही मात्र तिला विसरू नका.