ओल्या बाटल्या

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी संशोधिकेने एकतिसावी बाटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली. तळाशी नुसता गढूळ गाळ. तिने ती बाकीच्या तिसांच्या रांगेत लावून ठेवली.

पॉलिमरचं द्रावण झाकून ठेवायचं, हलवायचं नाही. त्यातले रेणू आपसूक एकमेकांना लागून केसाहून बारीक धागे तयार होत. धाग्याच्या मध्यावर निळा किरण टाकला की प्रकाश हिरवा होऊन आतल्या आत धावे आणि दोन्ही टोकं उजळत. दीड महिन्यापूर्वी हे धागे धरेनासे झाले. द्रावण तेच, तापमान तेच. बदलली होती फक्त बाटल्या धुणारी मावशी. आधीच्या मावशीची वीस वर्षांची नोकरी संशोधिकेच्या चार ओळींच्या तक्रारीवर गेली होती.

अकरा वाजता संशोधिका त्या जुन्या मावशीच्या चौथ्या मजल्यावरच्या खोलीत होती.

"एवढ्या शिकलेल्या तुम्ही, आणि बाटली कशी धुवायची ते विचारायला चार जिने चढलात?" मावशी हसली. "बसा, पाणी देते."

तिने नळाखाली दोन पेले धुतले. एक भरून पुढे केला, दुसरा न पुसताच पालथा घातला.

"पुसत नाही?"

"फडक्याची लव लागते. तुमच्या बाटल्याही अशाच पालथ्या घालायचे."

"आणि ते तापलेलं कपाट? त्यात वाळवायच्या होत्या ना? नवी बाई त्यातच वाळवते."

"त्यात दोन तडकल्या, तेव्हापासून हात लावला नाही. सकाळी उचलायचे. थेंबभर ओल राहायची एखादीत. तुम्हीच तर लिहिलं होतंत. ओल्या असतात म्हणून."

संशोधिकेने पेला एका दमात रिकामा केला.

"मॅडम, परत घेतील का हो मला?"

"बघते."

त्या संध्याकाळी तिने एक बाटली स्वतः धुऊन पालथी घातली आणि ओलसर असतानाच भरली. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यात अकरा धागे होते. किरण टाकताच टोकं लखलखली. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"काय जादू केलीत?" एकाने विचारलं.

"नीट धुतली," ती म्हणाली.

मग तिने तक्रार मागे घेण्याचा अर्ज पुढे ओढला. नाव लिहिलं, तारीख घातली. खाली एकच ओळ भरायची उरली होती: कारण.

कार्यालय चारला बंद होणार होतं. पावणेचारला ती ओळ कोरी होती.