वरची माती

"थेंबाथेंबानं काय होणारे? वरची माती बघ, कोरडी ठणठणीत!" बाल्कनीतल्या तुळशीला ड्रिप बसवल्यापासून माझं नवऱ्याशी, निनादशी, हेच भांडण. तो म्हणायचा, "अगं, ओल खाली मुळाशी असते."

दीड महिना पुण्याला राहून आम्ही शारजाच्या फ्लॅटवर परतलो. ऑगस्टच्या त्या भट्टीत तुळस मात्र हिरवीगार. माती वरून कोरडीच. मी चिडून तिच्यात बोट खुपसलं. खाली गार चिखल लागला.

"पटलं? खलास!" म्हणत निनादनं हात धुवायला नळ सोडला. नळाला पाणीच नव्हतं. तेव्हा आठवलं, गावाला निघताना सवयीनं ड्रिपसकट सगळ्या पाण्याचा मेन कॉक मीच बंद केला होता.

मी बोट बाहेर ओढू लागले. ते खालून कुणीतरी धरलं होतं.