पदरची ओळ

लॉन्ड्रीतल्या इस्त्रीवालीच्या हाताखालून दिवसभर शर्ट जात. आधी कॉलर, मग बाह्या, शेवटी पाठ. हात आपले आपण चालत. बाई कुठे असायची कुणास ठाऊक. तसं घडलं काहीच नव्हतं. नवरा धडधाकट, लेक सासरी सुखात. कुणी गेलं असतं तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. पण आतलं सगळं कधी बधिर झालं, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

“अगं, भाजीत मीठ टाकलंस का?” शेजारच्या टेबलावर घड्या घालणाऱ्या थोरल्या जावेने डबा खाता खाता विचारलं.

“नव्हतं का? मी तर संपवली.”

“देवाने तुला जीभ नुसती गायलाच दिलीय वाटतं. आज संध्याकाळी माझ्या शेजारणीला घेऊन येते हं ऐकायला. मागच्या खेपेला तू गाता गाता थांबलीस ना, मला बाई भरूनच आलं.”

इस्त्रीवालीने पुढचा शर्ट ओढला.

दर आठवड्याला प्रार्थनेच्या सभागृहात बुवा गाऊन प्रवचन करत आणि ती मागे साथीला उभी राही. तिथली रीत अशी, की निरूपण संपलं की साथीदाराने एक ओळ पदरची गायची, त्या दिवशी मनात असेल ती. आणि सभेने ती जशीच्या तशी दोनदा उचलायची. देवाला उसनं किती ऐकवायचं, असं बुवांचं म्हणणं. त्या एका ओळीच्या जिवावर तिचा आठवडा निघे. एकदा तर ती नळाला पाणी आलं त्यावर गायली होती, आणि सभा हसत हसत गायली होती.

आता कित्येक महिने ओळच सुचत नव्हती. ती थांबे, आत चाचपडे, हाती काही लागत नसे. मग एखादी जुनीच ओळ शब्द फिरवून गाई. लोक त्या थांबण्यालाच भक्ती समजत आणि डोळे पुसत. याचं तिला वाईट वाटायला हवं होतं. तेही वाटत नव्हतं. हे खोटं आहे, एवढं फक्त डोक्याला कळत होतं.

त्या संध्याकाळी ती जरा लवकरच पोचली.

“बुवा, साथीला दुसरं कुणी बघा.”

“का, घसा बसला?” बुवा पेटी पुसत होते.

“घसा ठणठणीत आहे. मीच ठिकाणावर नाही. लोक रडत असतात आणि माझ्या मनात येतं, चप्पल नीट काढून ठेवली की नाही.”

बुवांचा हात थांबला. त्यांनी दाराकडे पाहिलं. “माणसं यायला लागली, बाई,” ते म्हणाले. “आजचा दिवस निभावून न्या. पुढचं पुढे बघू.”

सभा भरली. बुवांनी आनंदावर निरूपण केलं, रंगून केलं, आणि मागे वळून तिच्याकडे पाहिलं. ती थांबली. पहिल्या रांगेत थोरलीने आधीच रुमाल काढून ठेवला होता. अजून ओळ आली नव्हती आणि रुमाल तयार होता. ते पाहिल्यावर तिला जुनी ओळ गाववेना.

“देवा, मला काहीच वाटत नाही, उभी आहे तेवढी.”

पेटी क्षणभर अडखळली. पण रीत ती रीत. सभेने ओळ उचलली. थोरलीच्या शेजारणीला काहीच ठाऊक नव्हतं. तिने तर खणखणीत उचलली. देवा, मला काहीच वाटत नाही, उभी आहे तेवढी. दुसऱ्यांदा काही जण गप्प राहिले, आणि एरवी नुसते ओठ हलवणारे एक-दोघे मोठ्याने गायले. थोरली रुमाल मांडीवर ठेवून, कोरड्या डोळ्यांनी, तिच्याकडे बघत गात होती.

“कधीपासून गं हे?” बाहेर आल्यावर तिने विचारलं.

“नाही आठवत, ताई.”

“आणि आम्ही इथे बसून रडतोय.”

“रडलात ते बरंच केलंत. कुणीतरी रडायला हवंच होतं.”

मागून बुवा आले. “मग? पुढच्या वेळी कुणाला सांगू?”

इस्त्रीवालीने स्वतःच्या आत पाहिलं. काही हललं नव्हतं. पण आजची ओळ तिची होती.

“मीच येते,” ती म्हणाली. “तोवर दुसरं काही सांगण्यासारखं झालं नाही, तर हेच परत सांगेन.”