तक्त्यातली नीलगाय

आठ वाजून दहा मिनिटांनी, रानवाटेवर थांब्यांसाठी ठोकलेल्या चौदा खुंट्यांपैकी सातव्या खुंटीपाशी नीलगाय येईल, असे लक्ष्मीकांतरावांनी तक्त्यात लिहिले होते, आणि ती खरोखरच येत होती. रंगीत तालमी दोन झाल्या. दोन्ही वेळा ती आली, आणि दोन्ही वेळा त्यांनी खिशातले घड्याळ काढून पाहिले व समाधानाने मिटले.

लक्ष्मीकांतराव पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. तांत्रिक विद्यालयात शिकलेल्या माणसाला शोभेल अशी त्यांची रीत होती: आधी मोजायचे, मग लिहायचे आणि लिहून झाले की हलायचे नाही. मध्यभारत मोडून नवे राज्य झाले, कचेऱ्या भोपाळला निघाल्या आणि जादा ठरलेल्यांच्या यादीत त्यांचे नाव चढले. त्यातून वाचायला एकच वाट होती. तिघऱ्याच्या तलावाकाठच्या सिरसापुऱ्यातील तरुणांना पाहुण्यांना रान दाखवणारे वाटाडे म्हणून तयार करायचे, अशी एक योजना निघाली होती; पाहुण्यांनी रान पाहावे, गावातच बाजरीची रोटी खावी आणि चार पैसे गावात राहावेत. हा वर्ग तपासणीत पसंत पडला तर लक्ष्मीकांतराव शिक्षक म्हणून इथेच राहणार होते. नाही तर पहिल्या तारखेला भोपाळला हजर व्हायचे होते.

शहरात, दौलतगंज मोहल्ल्यातील घरी त्यांची थोरली बहीण मंदाताई होती. तिने एवढेच सांगून ठेवले होते की ती दौलतगंज सोडणार नाही. त्याने जावे आणि तिथे स्वतःच्या हाताने वरण करावे. त्या वरणाचे पुढे काय होईल, हे दोघांनाही ठाऊक होते.

नीलगायीची हकिकत ऐकून ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, ‘‘लक्ष्मीकांत, तुझ्या नीलगायीला घड्याळ कोणी घेऊन दिलं रे?’’

लक्ष्मीकांतरावांनी तीन आठवड्यांच्या निरीक्षणांची सरासरी समजावून सांगितली. मंदाताईने ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले की नीलगायीनेही ती इतकीच शांतपणे ऐकली होती का.

वर्गात सहा जण होते. त्यांतला कान्होजी जाधव शहरातल्या कंपू मोहल्ल्यातला. त्याचे वडील दरबारच्या शिकारखान्यात हाक्याचे जमादार होते. झुडपे बडवून जनावर पाहुण्याच्या बंदुकीसमोर आणणाऱ्या माणसांची ती टोळी विलीनीकरणानंतर बरखास्त झाली आणि त्यातली बरीच माणसे सिरसापुऱ्यातच राहिली. उरलेले पाच तरुण त्यांचेच मुलगे, दौलतसिंह त्यांचा म्होरक्या. पहिल्याच दिवशी कान्होजीने विचारले होते की नीलगाय वेळेवर आली नाही तर काय करायचे. तक्ता नीट पाळला तर ती येईल, असे लक्ष्मीकांतराव म्हणाले. पोरांनी एकमेकांकडे पाहिले आणि कान्होजी मान डोलावून म्हणाला, ‘‘मग ते आमच्याकडे लागलं, मास्टरसाहेब. चिंता मत कीजिए.’’

त्या वाक्याचा अर्थ लक्ष्मीकांतरावांना तपासणीच्या सकाळी कळला.

तपासणीला पांढरीपांडेसाहेब आले. मूळचे नागपूरचे, जंगलखात्यात केस पांढरे झालेले आणि नव्या राज्याबरोबर भोपाळला येऊन पडलेले. वाटाड्या म्हणून कान्होजी पुढे चालला. बाकीचे पाच जण कुठे आहेत असे लक्ष्मीकांतरावांनी विचारले, तेव्हा ते ‘आगे के बंदोबस्त में’ असल्याचे समजले. पहिल्या चार खुंट्या मिनिटाबरहुकूम पार पडल्या. पाचव्या खुंटीशी, उंचवट्यावर, साहेब अचानक वाकले. ओल्या मातीत पाऊल उमटले होते. तक्त्यात ते नव्हते.

‘‘हे काय आहे बाप्पा?’’ साहेबांनी विचारले.

कान्होजीने एकदा मास्टरसाहेबांकडे पाहिले आणि तो खाली बसला. तरस, तो म्हणाला. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. दव पडल्यानंतर गेले आहे. तोंडात काहीतरी धरले होते, ही शेजारची फरपट पाहा. आणि इथे ओझे खाली ठेवून विसावा घेतला. साहेबांनी आणखी विचारले, त्याने आणखी सांगितले. लक्ष्मीकांतराव घड्याळ पाहत होते. आठ वाजून पाच. आठ वाजून आठ. त्यांनी दोनदा खाकरून पाहिले.

आठ वाजून दहा मिनिटांनी खालच्या खोऱ्यात लाकडावर लाकूड आपटल्याचा बारीक आवाज आला. तिघांनी खाली पाहिले. सातव्या खुंटीपाशी जनावर पाहायला कोणीच उभे नव्हते. त्या खुंटीसमोरून एक नीलगाय कान मागे टाकून लगबगीने गेली. मागून दौलतसिंह आणि चौघे जण, हातात काठ्या, एका ओळीत, अगदी शिस्तीत आले. खुंटीशी पोचल्यावर दौलतसिंह थांबला, रिकाम्या वाटेकडे पाहत राहिला आणि मग त्याची नजर वर उंचवट्याकडे गेली. त्याने सावकाश सलाम केला.

साहेबांनी वळून कान्होजीकडे पाहिले.

‘‘तक्त्यात आठ-दहा लिहिलं होतं,’’ कान्होजी हळूच म्हणाला. पाहुणा जनावर न पाहता परतला तर जबाब जमादाराला द्यावा लागे, हे ती सगळी मुले घरी ऐकत मोठी झाली होती. आणि वर्ग नापास झाला तर मास्टरसाहेबांना भोपाळला जावे लागेल, हेही गावात सर्वांना ठाऊक होते.

साहेबांनी ओठ घट्ट मिटले होते. हसू आवरण्यासाठी की रागाने, ते लक्ष्मीकांतरावांना कळेना. ‘‘हा तरसाचा माग,’’ साहेबांनी विचारले, ‘‘हे तुम्ही शिकवलंत का यांना?’’

होय म्हणणे सोपे होते. एका शब्दात दौलतगंज, मंदाताई आणि तिच्या हातचे वरण जागच्या जागी राहिले असते. पण न मोजलेला आकडा लक्ष्मीकांतरावांनी आयुष्यात कधी लिहिला नव्हता.

‘‘नाही,’’ ते म्हणाले. ‘‘ते त्याला माझ्याआधीपासून येतं.’’

‘‘मग तुम्ही शिकवलंत काय?’’

उत्तर कान्होजीने दिले. ‘‘बोलायला, साहेब. माझ्या वडिलांना यातलं सगळं येत होतं. पण हाक्यात पाहुण्यांशी बोलायची मनाई होती. चौदा खुंट्यांवर उभं करून मास्टरसाहेबांनी आम्हाला रोज बोलायला लावलं.’’

साहेबांनी तक्ता मागितला, शिसपेन्सिल काढली आणि वेळेच्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली. रेघ वाकडी आली. वर्ग चालू ठेवावा, असा शेरा त्यांनी तिथेच गुडघ्यावर लिहिला; तरसाच्या पावलासाठी पंधरावी खुंटी मात्र ठोकू नये, अशी तंबीही दिली.

संध्याकाळी लक्ष्मीकांतरावांनी पट्टी घेऊन ती रेघ सरळ केली. मंदाताईने सगळे ऐकून घेतले आणि बाहेर काढून ठेवलेली ट्रंक निमूटपणे पुन्हा पलंगाखाली सारली. मग रविवारी आपणही रान पाहायला येणार असल्याचे जाहीर करून तिने विचारले की नीलगाय किती वाजता येते.

‘‘सांगता येत नाही,’’ लक्ष्मीकांतराव म्हणाले.

मंदाताईने हातातला तवा खाली ठेवला. भावाच्या तोंडून हे वाक्य ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती, आणि ते पुन्हा एकदा ऐकायला मिळावे म्हणून तिने विचारले, ‘‘अंदाजे?’’