डाव्या बाजूची टकटक

जुलैतल्या त्या शनिवारी स्लाऊमध्ये एकतीस डिग्री होतं. तरीही कम्युनिटी हॉलमागच्या कार पार्कमध्ये, तापलेल्या डांबरावर, साठेक मराठी माणसं एका राखाडी गाडीभोवती दाटीवाटीनं उभी होती. त्यांत दोन डॉक्टर होते, एक चार्टर्ड अकाउंटंट होता, आणि सॉफ्टवेअरवाल्यांची तर गणतीच नव्हती. सगळे चिडीचूप होते, कारण साधना केंद्र चालवणाऱ्या यतीनजींनी ओठांवर बोट ठेवलं होतं.

इंजिन चालू होतं. यतीनजींनी वाकून एसीची डावीकडची गोल कळ निळ्या खुणेकडे फिरवली. डॅशबोर्डच्या आतून आवाज आला. टक, टक, टक, टक. बंद पेटीच्या आत बसून कुणी बोटानं वाजवावं, तसा.

"डॉक्टर शशिधर, आम्ही ऐकतोय," यतीनजी म्हणाले.

गर्दीतून एक बाई हुंदका आवरत मागे सरली. गाडीच्या उघड्या दाराला धरून नीना उभी होती. पाच महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या पलंगावर हात सोडून गेलेला नवरा आता त्याच्याच गाडीत बसून टकटक करतो आहे, हे साठ माणसांसमोर सिद्ध होत होतं.

"डावीकडे हात धरा, ताई."

तिनं धरला. डावीकडच्या झरोक्यातून चुलीसमोर बसल्यासारखी गरम हवा येत होती. उजवीकडच्यातून मात्र थंडगार.

"जिवंतांची बाजू थंड, मृताची बाजू तप्त. अग्नितत्त्व प्रबळ झालंय. व्हायब्रेशन फार लो आहे." एवढं बोलून यतीनजींनी शाल सावरली, दोन्ही हात शालीसकट झरोक्यापाशी नेले आणि डोळे मिटून पुटपुटायला लागले. 'फुस्स' असा बारीक आवाज झाला. हात बाजूला झाले, तेव्हा झरोक्याच्या काळ्या पट्ट्यांवर पांढरं शुभ्र हिव, बर्फाचा पातळ थर, जमलेलं होतं.

गर्दीनं हात जोडले. चार्टर्ड अकाउंटंटनं तर चपला काढल्या आणि डांबराचा चटका बसल्यावर पुन्हा घातल्या. मिनिटभरात हिव वितळलं आणि परत गरम हवा सुरू झाली. एकतीस डिग्रीत हा माणूस शाल पांघरून का आला असावा, हे विचारायचं मात्र एवढ्या शिकलेल्या लोकांपैकी कुणाला सुचलं नाही. भीती वाटायला लागली की माणूस पदव्या घरी ठेवून येतो.

"क्षणभर शांत झाले. पण ते जळताहेत, ताई," यतीनजी म्हणाले. "तुम्ही वर्ष सरायच्या आत पाडव्याला वाहनपूजा केलीत ना? सुमेधाताई सांगत होत्या. दोष तिथंच आहे. येत्या शनिवारी किल्ली आमच्या साधना केंद्राला अर्पण करा. आणि एक ध्यानात ठेवा. डाव्या सीटवर रक्ताचं कुणी बसवू नका. विशेषतः पोटुशी बाई. ते तिला सोबत घेऊन जायला बघतील."

नीनाला पुढचं काही ऐकू आलं नाही. तिच्या एकुलत्या एका मुलीला, साउथहॅम्प्टनच्या चैत्रालीला, नववा महिना लागला होता.

तसं पाहिलं तर ही भीती शनिवारी सुरू झालेली नव्हती.

डॉक्टर होते तेव्हा मोटरवेवर गाडी तेच चालवायचे. पण बायकोला चालवता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. नीना शिकत असताना ते डावीकडे बसायचे, आणि तिचा वेग वाढला की बोलायचे नाहीत, डॅशबोर्डवर बोटानं टकटक करायचे. हळू, नीना. पंचवीस वर्षं ही टकटक तिनं ऐकली होती आणि त्यावरून भांडणंही केली होती.

ते फेब्रुवारीत गेले. मार्चमध्ये, पाडव्याला, तिला पहिल्यांदा एकटीनं साउथहॅम्प्टनला जायचं होतं. वर्षाच्या आत सण करू नये हे तिला माहीत होतं, पण देवाला साकडं घातल्याशिवाय ती मोटरवेवर जाऊच शकली नसती. धुक्यानं काच पांढरी झाली होती, म्हणून काचेवरची हवा चालू ठेवून तिनं डॅशबोर्डवर विड्याचं पान ठेवलं, त्यावर सुपारीचा गणपती मांडला, हळदकुंकू वाहिलं, मूठभर अक्षता टाकल्या आणि निघाली. पोचल्यावर पाहिलं तर सुपारी नव्हती. सीटखाली गेली असेल, असं म्हणून ती विसरून गेली.

मग जून उजाडला, उकाडा सुरू झाला आणि तिनं एसी लावला. डावीकडून गरम वाफ. गॅरेजवाल्यानं गॅस भरून दिला, तरी उजवीकडे गार आणि डावीकडे भट्टीच. "जुनी गाडी आहे," असं म्हणून तो मोकळा झाला. त्याच संध्याकाळी सिग्नलला थांबली असताना तिच्या डाव्या मनगटावर तो गरम श्वास आला. तिनं गारव्यासाठी कळ फिरवली, आणि आतून टक, टक, टक.

ती पुटपुटली, "तुम्ही आहात का?" मग तिनं कळ पुन्हा फिरवली. टक, टक, टक. मागचा हॉर्न वाजवत होता आणि हिरवा दिवा पुन्हा लाल झाला, तरी तिचा पाय क्लचवरून हलेना.

हे तिनं फक्त मैत्रिणीला, सुमेधाला सांगितलं. सुमेधानं ते यतीनजींना सांगितलं. आणि यतीनजींना भित्यापाठचा ब्रह्मराक्षस आयताच सापडला.

शनिवारी घरी आल्यावर नीनानं मुलीला फोन केला. जावई स्वानंद बोटीवर नोकरीला होता.

"चैत्राली, मी ट्रेननं येईन गं. डिलिव्हरीला तुला टॅक्सीनं नेऊ."

"आई, स्वानंदची शिप ऑगस्ट एंडपर्यंत परत येत नाहीये. रात्री दोन वाजता मी टॅक्सी शोधत बसू? तू प्रॉमिस केलं होतंस. बाबांच्या गाडीतून नेईन म्हणाली होतीस."

"त्याच गाडीतून नको."

"का पण?"

नीनानं खिडकीतून खाली उभ्या गाडीकडे पाहिलं. बोलली असती तर तोंडून तेच शब्द बाहेर पडले असते. तुझे बाबा तुला न्यायला टपलेत. हे शब्द कुठली आई उच्चारेल?

"तुला यायचंच नसेल तर सरळ सांग," चैत्राली म्हणाली आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. सुमेधाची मुलगी मायरा दारात उभी होती. वय सत्तावीस, जन्म इथलाच, त्यामुळे मराठी मोडकंतोडकं. कॉलेजमध्ये ती मोटर मेकॅनिकचा वर्ग शिकवायची आणि त्याबद्दल सुमेधा चारचौघांत जरा चोरटेपणानं बोलायची. हातात हत्यारांची पेटी होती.

"नीनामावशी, काल मी पण होतो तिथे. मला तुझा गाडी बघू दे ना."

"हात नको लावूस, बाळा. जो उघडेल त्याच्यावर उलटेल, असं सांगितलंय त्यांनी."

"मग माझ्यावर उलटेल. मी रोज दहा गाड्या उघडते." मग तिनं आवाज खाली आणला. "मावशी, एक सांग. नॉक कधी येतो? तू कळ फिरवते तेव्हाच ना? की असाच, इंजिन ऑफ असताना पण?"

नीना विचारात पडली. बंद गाडीत ती कितीदा बसली होती, रडली होती, हाका मारल्या होत्या. तेव्हा एकदाही आवाज आला नव्हता.

"कळ फिरवल्यावरच," ती सावकाश म्हणाली.

"शशीकाका तुला भेटायला बटणाची वाट बघेल का?"

भीती गेली नव्हती, पण तिला कुठेतरी चीर पडली होती. ती किल्ली घेऊन खाली आली आणि मायरानं दिलेला टॉर्च तिनं स्वतःच हातात धरला. उलटायचंच असेल तर पोरीवर नको, माझ्यावर उलटू दे, असं तिच्या मनात होतं.

मायरानं समोरचा खण काढून ठेवला. आत हाताच्या पंजाएवढी काळी डबी दिसली. "हा छोटा मोटर. आत एक झडप असते. गरम हवा किती, गार किती, ते ती ठरवते. या गाडीत दोन आहेत, लेफ्टला वेगळी आणि राइटला वेगळी. आता फिरव कळ."

नीनानं डोळे मिटून कळ फिरवली. टक, टक, टक.

"बोट ठेव इथं."

"नको गं."

"ठेव."

तिनं बोट ठेवलं. प्रत्येक टक तिच्या बोटाला लागत होती. मोटर झडप ढकलत होती, झडप कशाला तरी अडत होती, आणि आतली प्लास्टिकची चाकं एकमेकांवरून घसरत होती. एवढीच ती टकटक. उभा महिना जिनं झोप उडवली ती.

"पण अडतंय कशाला?"

मायरानं मोटर सोडवून बाजूला ठेवली आणि तारेच्या टोकाला बसवलेला बारीक कॅमेरा त्या भोकातून आत सरकवला. फोनच्या पडद्यावर आधी अंधार आला, मग धूळ, मग पिवळे, टोकदार दाणे. नीना वाकून बघायला लागली. तांदूळ होते. हळद लावलेले. त्यांच्या पलीकडे, झडपेच्या फटीत घट्ट रुतून बसलेलं एक तपकिरी, गोल, एका बाजूला लाल डाग असलेलं काहीतरी होतं.

"हे काय आहे? नट?" मायरानं विचारलं.

नीना मटकन फुटपाथवर बसली.

"माझा गणपती," ती म्हणाली.

काचेखालच्या जाळीची एक पट्टी तुटलेली होती. तीही कुणी तोडली ते नीनाला आठवलं. हॉस्पिटलचा पार्किंग पास त्या फटीत घसरायचा आणि डॉक्टर स्क्रूड्रायव्हर घालून तो उचकटायचे. जाळी त्यांनी मोडली, सुपारी तिनं टाकली. दोघांनी मिळून बत्तीस वर्षं संसार केला तसं हे भूतही दोघांनी मिळूनच केलं होतं. आणि यतीनजींचं एक म्हणणं तंतोतंत खरं निघालं. दोष पूजेतच होता.

नीना हसायला लागली, मग रडायला लागली आणि बराच वेळ थांबली नाही. मायरा तिच्या पाठीवर ग्रीस लागलेला हात ठेवून शेजारी बसली.

"ते जळत नाहीयेत ना गं?"

"नाही, मावशी. फक्त हीटर जळतोय."

पुढच्या शनिवारी कार पार्कमध्ये शंभरावर माणसं होती. यतीनजी हार घालून उभे होते, किल्लीसाठी चांदीचं तबक सजवलं होतं. नीना गाडीतून उतरली. भुताची भीती गेली तरी चारचौघांची असतेच. तिनं किल्लीऐवजी तबकात सुपारी ठेवली.

"यतीनजी, आज हिव पाडून दाखवा. फक्त शाल काढून, बाह्या वर करून."

"ताई, शक्तीची परीक्षा घेत नसतात."

"माझी आठवडाभर घेतलीत ना?"

यतीनजी हसले. गर्दी हसली नाही. तेवढ्यात मायरा पुढे आली. तिच्या हातात कॉम्प्युटरच्या कीबोर्डमधली धूळ उडवायचा हवेचा डबा होता, कुठल्याही ऑफिसच्या कपाटात मिळतो तो. इंजिन बंद आहे ना, दारं उघडी आहेत ना, हे तिनं आधी बघितलं.

"हा गॅस पेट घेऊ शकतो, आणि श्वासात गेला तर डेंजरस आहे. घरी कुणी करू नका," असं म्हणून तिनं डबा उलटा धरला आणि झरोक्यावर फवारला. फुस्स. काळ्या पट्ट्यांवर पांढरं शुभ्र हिव जमलं. "सरळ धरला तर हवा येते. उलटा धरला तर आतला लिक्विड येतो आणि फ्रीझ होतो. यतीनअंकल आधी कॉम्प्युटर रिपेअर करायचा ना?"

सॉफ्टवेअरवाल्यांनी माना खाली घातल्या. तो डबा त्यांच्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी हाताळलेला होता. यतीनजींनी शाल घट्ट लपेटली, "कलियुग आहे" असं काहीसं म्हणाले आणि पळून गेल्यासारखं वाटणार नाही इतपत वेगानं हॉलकडे चालू लागले. दोनचार भक्त मागोमाग गेलेच. असतात असे.

सुमेधा रडवेल्या चेहऱ्यानं नीनासमोर आली. नीनानं तिचा हात धरला, पण बोलली सगळ्यांशी.

"मी मूर्ख नव्हते. मी एकटी होते आणि घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला उत्तर हवं असतं, खरं की खोटं ते तो बघत नाही. तुमच्या घरात उद्या असंच काही वाजलं तर हात जरूर जोडा, मी पण जोडते. पण त्याच्या आधी खण काढा आणि आत बघा. जो माणूस आत बघू नका म्हणेल, त्याच्या शालीखाली बघा."

चौदा ऑगस्टला पहाटे नीना चैत्रालीला घेऊन हॉस्पिटलकडे निघाली. रस्ते मोकळे होते. चैत्राली डाव्या सीटवर बसली होती, पोटात कळ आली की दार घट्ट पकडत होती, आणि तिच्या घामेजल्या चेहऱ्यावर झरोक्यातून गार हवा येत होती. वळणावर घाईत नीनाचा वेग वाढला. तिचे कान नकळत डावीकडे लागले. तिथं काहीच वाजलं नाही. यापुढेही कधी वाजणार नव्हतं. तिनं स्वतःच ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला.

"हळू, नीना," ती स्वतःशीच म्हणाली, आणि वळण नीट घेतलं.