ज्योतिबा फौजीचं गुपित प्रवासवर्णन

मांडवगण फराट्याच्या ज्योतिबा फौजीनं पुस्तक लिहायला घेतलं आणि सगळ्यात जास्त आनंद झाला तो त्याच्या बायकोला, तानुबाईला. नवरा बावीस वर्षं लष्कराचा ट्रक हाकत कुठं कुठं होता, हे तिला कधी कळलंच नव्हतं. पत्रावर पत्ता एकच, छप्पन एपीओ. बायका विचारायच्या, "कुठं असत्यात गं मालक?" ही ठसक्यात सांगायची, "छप्पनला." छप्पन म्हणजे दौंडाएवढं तरी गाव असणार, असा तिचा समज. तो लष्करी टपालाचा नुसता नंबर आहे, हे कळलं तेव्हा पोरगा मल्हार कॉलेजात जात होता. तेव्हापासून तिच्या मनात एकच प्रश्न घर करून बसला होता. मल्हार जन्मला तेव्हा हा माणूस नेमका होता कुठं? विचारलं की उत्तर ठरलेलं, "हुतो एका ठिकाणी." मेल्यानं बायकोलासुद्धा शत्रूच्या गोटात बसवलं होतं!

गेल्या साली दोघं बुलेटवरून पार वर, बर्फापर्यंत जाऊन आली. मागं बसून बसून तानुबाईच्या कमरेचा भुगा झाला. आल्यावर गाव म्हणालं, आबा, नोकरी आन् हा प्रवास, दोन्हीचं मिळून पुस्तक होऊन जाऊ द्या. आता सगळं बाहेर पडणार म्हणून तानुबाई न मागता चहा पुढं ठेवू लागली.

लिहून झालं. दौंडात लग्नपत्रिका छापणाऱ्या गोकुळकडं दोघं कागद घेऊन गेली. गोकुळनं पहिलं पान मोठ्यानं वाचलं.

"'सकाळी एका ठिकाणाहून निघालो. वाटेत एका ठिकाणी, एका स्टँडसमोर मिसळ खाल्ली.' आबा, हे कुठलं वो?"

"शिरूर," ज्योतिबा हळूच म्हणाला आणि दाराकडं बघून घेतलं.

"मंग लिहा की शिरूर!"

"तसं न्हाई लिहिता येत. हालचाल उघड करायची नसती."

"मिसळीची?"

गोकुळनं पुढची पानं चाळली. एक नदी, एक पूल, एक घाट, एक सुभेदार. अख्ख्या हिंदुस्थानात नाव म्हणून कशाला नव्हतं.

"आबा, हे छापलं तर लोक मला येड्यात काढतील. नावं घालून आणा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

तानुबाई तरातरा बाहेर आली. एवढी आस लावून बसली, आणि हाती काय, तर भोपळा! तिला रडूच कोसळलं. ज्योतिबा कागद काखेत मारून मागोमाग आला.

"मल्हारच्या येळचं पान कुठलं वो त्यात?" तिनं विचारलं. "दोन दिस माझी सुटका हुईना. सुईणीनं आशा सोडली हुती. तुमच्या नावानं हाका मारीत हुते मी, आन् कुठल्या दिशेला तोंड करून मारायच्या, ते पण ठाव नव्हतं."

ज्योतिबानं बुलेटला किल्ली लावली, परत काढली.

"द्रासला," तो पुटपुटला. मग भर रस्त्यात मोठ्यानं म्हणाला, "द्रासला हुतो! बर्फानं रस्ता बंद. तुझं पत्र पोचलं तवा पोरगं बसाय लागलं असंल. गेल्या साली आपण थांबलो हुतो की तिथं, टपरीवर चहाला. समोर पत्र्याची खोली हुती बघ, तिथंच ते पत्र वाचलं मी. तुला दावायलाच नेलं हुतं गं एवढ्या लांब. आन् तिथं गेल्यावर तोंडच उघडंना माझं."

तानुबाईला ती टपरी आठवली. हा त्या खोलीकडं टक लावून बसला होता, आणि तिला वाटलं, गाडीचं काहीतरी बिघडलं. चहा पाणचट म्हणून तिनं अर्धा कप तिथंच मातीत ओतला होता.

"अवो, तवाच बोलायचं न्हाई व्हय!" पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. "चहा तरी ओतला नसता मी."